ट्रेग पेशी (प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी पेशी) काढून टाकायला सीडी२५ विरोधी अँटिबॉडी देऊनही उंदरांच्या फुप्फुसातली सूज उलट कमीच झाली. ट्रेग पेशी ॲलर्जी आवरतात हे चूक आहे का? त्या आवरतात तरी कशा?

चूक नाही. पण अँटिबॉडी कितव्या दिवशी टोचलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही इथेच आपटलो होतो.

बाल्ब/सी जातीच्या उंदीर-माद्या. शून्य आणि चौदाव्या दिवशी पोटात ओव्हा-ॲलम (अंड्यातलं प्रथिन, जोडीला प्रतिसाद वाढवणारं ॲलम), मग २१ ते २३ रोज अर्धा तास नेब्युलायझरमधून ओव्हा, म्हणजे चॅलेंज. पीसी६१, म्हणजे सीडी२५ विरोधी अँटिबॉडी, दिली एकोणिसाव्या दिवशी, कारण गाइडनी तसं ठरवलं होतं: ट्रेग जातील, चॅलेंजला सूज भडकेल, पेपरची आकृती तयार. बीएएलच्या (फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवाच्या) स्लाइडवर मात्र इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीच्या सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी, आयसोटाइपवाल्या (तुलनेसाठी निष्क्रिय अँटिबॉडी दिलेल्या) गटापेक्षा कमी. लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत निकाल लागला, "तुझा हात बसलेला नाही." पुन्हा केलं, पुन्हा कमी. तिसऱ्या खेपेला सीनियरने टोचलं, तरी कमीच. तेव्हा मात्र उंदरांचा लॉट खराब निघाला!

अहो, सीडी२५ ही काय ट्रेगची खासगी मालमत्ता आहे? तो आयएल-२ (टी पेशींना वाढवणारा संदेश-रेणू) च्या रिसेप्टरचा भाग. नुकतीच चेतलेली कुठलीही टी पेशी तो अंगावर मिरवते. ओव्हा-ॲलम देऊन झाल्यावर पीसी६१ दिलीत तर आयएल-५ आणि आयएल-१३ हे ॲलर्जीचे संदेश-रेणू सोडून इओसिनोफिल बोलावणाऱ्या टीएच२ पेशीही तिच्या तडाख्यात सापडतात. मग इओसिनोफिल येणार कुठून? जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ मध्ये ट्रेग पेशी सीडी२५ वरून ओळखल्या त्या न डिवचलेल्या उंदरांत, हे लोक सोयीस्कर विसरतात. ट्रेगची खरी खूण फॉक्सपी३ हे प्रथिन, पण ती केंद्रकात असते. बाहेरून दिलेली अँटिबॉडी तिथवर पोचत नाही.

शेवटी मंजूर संख्येतल्या उरलेल्या सहा माद्यांना पहिल्या ओव्हाच्या तीन दिवस आधी, म्हणजे टीएच२ चेतण्याआधीच, पीसी६१ दिली. इओसिनोफिल वाढले. त्यावर ऐकायला मिळालं, "सहाच उंदीर?" पाचांच्या गटात माझा हात बसत नव्हता, सहांच्या गटात संख्या अपुरी.

ट्रेग आवरतात कशा, तर आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे दाबणारे संदेश-रेणू सोडून, आणि सीटीएलए-४ हा स्वतःवरचा रेणू वापरून डेंड्रिटिक पेशीवरचे (टी पेशींना चेतवणाऱ्या पेशीवरचे) सीडी८०/८६ हे चेतवणीचे रेणू ओरबाडून.

ट्रेग गेल्या हे पीसी६१ क्लोननेच रंगवून दाखवू नका. टोचलेल्या अँटिबॉडीने जागा आधीच अडलेली असते, पेशी जिवंत असली तरी दिसत नाही. फॉक्सपी३ रंगवा. डेरेग उंदीर (ज्यांच्यात नेमक्या फॉक्सपी३ वाल्या पेशीच मारता येतात) मिळाले तर उत्तमच.

हो, जातीनेही फरक पडतो. संवेदीकरणाआधी (पहिल्या डोसाआधी) ट्रेग काढल्यावर सी३एच उंदरांत त्रास वाढला, ए/जे मध्ये नाही, असंही छापून आलंय. तेव्हा माझे बाल्ब/सीचे आकडे तुमच्यावर लादत नाही.

गाइड ऐकत नसतील तर उणे तिसरा आणि एकोणिसावा, असे दोन्ही दिवसांचे गट एकाच खेपेत लावा, प्रत्येकाला स्वतःचा आयसोटाइप गट द्या, आणि सगळी इंजेक्शनं त्यांनाच द्यायला सांगा.