नाल्याचं पाणी, भारी जमीन आणि विहीर

राम राम मंडळी. या आठवड्यात दोन प्रश्न आलेत ते एकाच नाल्याचे आहेत म्हणून एकत्रच घेतो. एका दादांनी विचारलंय, शेताशेजारच्या नाल्यात प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्यांचं पाणी येतं, पण जमीन काळी भारी आहे, मग विष वरच्या वर अडकेल ना, विहिरीला काय होतंय? दुसरे म्हणतात नाल्याचा गाळ फुकट मिळतोय, टाकू का?

गाळ नको. फुकटचा असला तरी नको, एकदा मातीत मिसळला की परत काढता येत नाही.

आता विहिरीचं. दादांचं निम्मं बरोबर आहे. काळ्या मातीतली चिकणमाती शिसं, कॅडमियम, निकेल असल्या धातूंना धरून ठेवते, त्यात आपल्याकडे चुनखडी असते त्यामुळे ते आणखी घट्ट बसतात. एरवी पिकं पिवळी पडली की आपण चुनखडीला शिव्या घालतो, इथं मात्र तीच राखण करते 😀 पण प्लेटिंगच्या पाण्यात बऱ्याचदा ॲसिड असतं, ते वर्षानुवर्षं येत राहिलं की चुनखडी खाऊन टाकतं, पीएच खाली येतो आणि धरलेले धातू सुटून पाण्याबरोबर खाली निघतात.

क्रोमियमचं तर वेगळंच. प्लेटिंगमध्ये वापरतात ते सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं पाण्यात सहज विरघळणारं रूप, त्यावर ऋण भार असतो आणि चिकणमातीवरही ऋण भारच, त्यामुळे माती त्याला धरतच नाही म्हटलं तरी चालेल. शिसं जिथं वरच्या वीतभर थरात बसून राहतं तिथं हे पाण्याबरोबर सरळ खाली जातं. शेणखतानं त्यातलं काही तीन-संयुजी, म्हणजे सहज न विरघळणारं, होऊन जाग्यावर बसतं हे खरं, पण रोज नवीन पाणी येत असेल तर शेणखत किती पुरणार.

आणि भेगा! उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या वळवाचं पाणी मातीतून झिरपत नाही, भेगेतून धावतं. खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक, तिथं अडवायला कोण आहे? म्हणून भारी जमिनीच्या भरवशावर राहू नका.

विहिरीचं पाणी पिवळसर दिसलं तर त्याच दिवशी पिणं बंद, कारण प्यायच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि डोळ्याला पिवळं दिसेपर्यंत ती कधीच ओलांडलेली असते. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं, धातू तेवढेच राहतात. पाणी तपासायला द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या विहिरीवर पालक, मेथी, चारा घेऊ नका, पालेभाजीत कॅडमियम लवकर उतरतं.

तपासणीला जाताना सॉईल हेल्थ कार्ड दाखवून "सगळं ओके आहे" म्हणू नका, त्यात जस्त, लोह, तांबं, मँगनीज असतं, शिसं-कॅडमियम-क्रोमियम नसतंच. भूजल सर्वेक्षणच्या लॅबला "जड धातू" असं स्पष्ट सांगा आणि बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्या. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग पाणी भरा, तांब्या-पितळेच्या भांड्यातून ओतू नका, नाहीतर भांड्याचंच तांबं रिपोर्टात यायचं. एक नमुना आत्ता घ्या, दुसरा पहिल्या मोठ्या पावसानंतर.