वजनाच्या ऑपरेशननंतर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आलेल्या पत्रांत ‘करू का?’ विचारणारी थोडी आणि ‘झालंय, पण हे असं का होतंय?’ विचारणारी जास्त. त्यामुळे या वेळी भर ऑपरेशननंतरच्या दिवसांवर आहे. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर याहून वेगळं काही लिहिलेलं असेल, तर कार्ड खरं माना.

प्रश्न : वय ४१, वजन ११२ किलो, उंची १६० सेंटिमीटर. नऊ वर्षांपासून मधुमेह, शिवाय छातीत जळजळ रोजचीच. एक सर्जन स्लीव्ह म्हणतात, दुसरे बायपास. विमा कंपनी पैसे देईल का? – वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातला कळीचा शब्द ‘जळजळ’ हा आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. नळीत दाब वाढतो, त्यामुळे आधीच ढिली असलेली अन्ननलिकेची झडप आणखी हार मानते. म्हणून आधी एंडोस्कोपी करून घ्या. अन्ननलिकेला सूज किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) दिसला, तर बायपासचं पारडं जड होतं. बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे, जठराचा) जठराची जेमतेम ३० मिलीची पिशवी उरते आणि ती थेट आतड्याला जोडतात. आम्ल आणि पित्त तिच्यापासून दूर वळवलेलं असतं आणि साखरेवरही परिणाम जास्त दिसतो. मात्र जीवनसत्त्वांची कमतरता, डम्पिंग (गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब) आणि जोडावरचा अल्सर ही बायपासची कायमची उधारी. ‘मिनी बायपास’ सुचवला गेला, तर पित्त जठरात उलटं येण्याच्या शक्यतेबद्दल स्पष्ट विचारा. त्यात एकच जोड असल्याने हा प्रश्न उरतो.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सुमारे ४४ येतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमानुसार ४० किंवा जास्त बीएमआय, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), हृदयविकार यांसारखा आजार असेल, तर खर्च मान्य होऊ शकतो. आधीचे साधे उपाय फसल्याची नोंद फाइलमध्ये हवी. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ तपासा आणि ॲडमिट होण्याआधी लेखी मंजुरी घ्या. विम्याचे निकष वेगळे आणि वैद्यकीय निकष वेगळे, हेही लक्षात असू द्या. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा विचार सुचवला आहे. क्लेम नाकारला म्हणजे ऑपरेशनची गरज नव्हती, असा अर्थ होत नाही.

प्रश्न : ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त प्रोटीन शेक, ताक आणि सूप सांगितलंय. पोट तर कापणारच आहेत, मग ही शिक्षा कशाला? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : यकृतासाठी. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पडलेला असतो आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरावा लागतो. चरबीने जड झालेलं यकृत नीट उचलत नाही, चटकन रक्त सोडतं आणि नेमका अवघड कोपरा झाकून ठेवतं. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी आणि कमी पिष्ट असा आहार दोन आठवडे घेतला, की ते चांगलंच आक्रसतं. आदल्या रविवारी ‘शेवटचं एकदा’ म्हणून झालेलं मटणाचं जेवण सर्जनला टेबलावर दिसतं, एवढं लक्षात ठेवा.

मधुमेह असेल तर खरा धोका वेगळाच आहे. जेवण निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीच्याच डोसने चालू राहिलं, तर साखर धाडकन उतरते. डोस पहिल्या दिवसापासूनच बदलून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. नाहीतर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन वाढून माणूस गंभीर होऊ शकतो.

प्रश्न : स्लीव्ह होऊन नऊ दिवस झाले. पाणीच जात नाही. रात्रीपर्यंत कसंबसं ७०० मिली होतं. डोकं दुखतं, लघवी गडद होते. सासूबाई पेज आणि वरणाचं पाणी देतात. पुढे भात-पोळी कधी? – वाचक, पुणे

उत्तर : ऑपरेशननंतर महिन्याभरात परत ॲडमिट व्हावं लागतं, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पाणी कमी पडणं. टाक्यांच्या रेषेवर अजून सूज आहे, त्यामुळे घोट मोठा झाला की छातीत अडकतो. तहान लागेपर्यंत थांबू नका. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण घ्या आणि दर १५ मिनिटांना ३० मिली प्या. तासाला १२० मिली झाले. १४ तास असं केलं की १,६८० मिली होतात. मोबाइलवर गजर लावा. थंड पाण्याने कळ येत असेल तर कोमट प्या. स्ट्रॉ आणि सोडा नको, दोन्हींनी हवा आत जाते. एवढं करूनही लघवी गडदच राहिली किंवा उभं राहताना चक्कर आली, तर सलाइन लागेल. दवाखाना गाठा.

सासूबाईंची माया खरी, पण पेज म्हणजे पिष्टाचं पाणी आणि वरणाच्या निवळीत प्रथिनं नावापुरतीच. तुम्हाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. २०० मिली साय काढलेल्या दुधात व्हे प्रोटीनचा एक स्कूप घातला, की साधारण ३० ग्रॅम होतात. तो ग्लास तास-दीड तास पुरवून प्यायचा, असे दिवसातून दोन. दुधाने जुलाब होत असतील तर व्हे आयसोलेट पाण्यात कालवा. स्कूप उकळत्या दुधात टाकू नका, गुठळ्या होतात आणि त्याच गुठळ्या अडकतात.

पहिले दोन आठवडे पातळ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं: घट्ट वरण, चक्का, मऊ अंडं, दुधात वाटलेलं पनीर. पाचव्या-सहाव्या आठवड्यात बोटाने चिरडेल असं मऊ, जसं मूगडाळीची आसट खिचडी किंवा उकडून कुस्करलेला मासा. नेहमीचं जेवण साधारण दोन महिन्यांनी. तेव्हाही आधी प्रथिनं, मग भाजी आणि जागा उरली तर पोळी. भात आणि मऊ पोळी अनेकांना सगळ्यात उशिरा सोसतात, कारण दोन्हींचा चिकट गोळा होतो. आमटीत कुस्करलेली भाकरी त्या मानाने बरी जाते. घास करंगळीच्या नखाएवढा घ्या, वीस-पंचवीस वेळा चावा आणि जेवण २० ते ३० मिनिटांत आटोपा. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही.

घास अडकला की छातीच्या मधोमध कळ येते आणि तोंडात फेसाळ लाळ सुटते. वरून पाणी ओतू नका. उभं राहा, चाला. दोन-तीन तासांनीही स्वतःची लाळ गिळता येत नसेल, तर हॉस्पिटल.

प्रश्न : घरी आल्यावर नेमकं कशाला घाबरायचं? – वाचक, ठाणे

उत्तर : नाडीला. ताप किंवा पोटदुखीच्या आधीही टाक्यांच्या रेषेतून होणाऱ्या गळतीची चाहूल नाडी देते. स्वस्थ बसलेलं असताना ती मिनिटाला १२०च्या वर टिकून राहिली, तर रात्र उजाडायची वाट पाहू नका. डाव्या खांद्यात दुखणं पहिले दोन-तीन दिवस गॅसमुळेही होतं, पण ते फिरल्यावर कमी होतं आणि नाडी शांत असते. दुखणं वाढत चाललं, धाप लागली, ताप आला, तर ते गॅसचं नाही. एका पोटरीला सूज आणि ठणका, अचानक दम लागणं, डांबरासारखी काळी शी, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशनच्या दिवसापासून चालायला लावतात. घरी आल्यावर पलंगावर ‘आराम’ करणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय.

प्रश्न : भावाचा बायपास होऊन सहा आठवडे झाले. पाच दिवसांपासून जे खाईल ते उलटतं. गावातले डॉक्टर ॲसिडिटी म्हणून सलाइन लावतात. तेवढं पुरे आहे का? – वाचक, सांगोला

उत्तर : नाही. चार ते आठ आठवड्यांच्या सुमाराला अशी उलटी सुरू झाली, की जठर आणि आतड्याचा जोड आक्रसल्याचा संशय घ्यायचा. एंडोस्कोपीतून फुगा घालून तो रुंद करता येतो. त्यासाठी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा.

त्याहून तातडीची गोष्ट सलाइनबद्दल आहे. जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं साठलेलं असतं. खाणं कमी आणि वर उलट्या, मग साठा संपतो. अशा वेळी डीएनएस किंवा डेक्स्ट्रोजची (म्हणजे ग्लुकोज असलेली) बाटली आधी लावली, तर ग्लुकोज पचवताना उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून आधी शिरेतून थायमिन, मग ग्लुकोज. हा क्रम चुकवायचा नाही. इंजेक्शन स्वस्त आहे, आठवण ठेवणारा माणूस हवा. डॉक्टरांना सांगायला संकोचू नका: “बायपास झालाय, उलट्या चालू आहेत, सलाइनच्या आधी थायमिन द्या.” पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही दिसलं तर वाटेतच इंजेक्शन घेऊन मोठं हॉस्पिटल गाठा. रिपोर्टची वाट पाहत थांबू नये, उशिराने झालेली इजा पुरती भरून येत नाही.

बायपास झालेल्या प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी असावी: कोणतं ऑपरेशन, तारीख, सर्जनचा फोन आणि वरचं थायमिनचं वाक्य.

प्रश्न : बायपासला आठ महिने झाले. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी आणि नंतर वाटीभर श्रीखंड खाल्लं, तर वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. दोन तासांनी हातपाय थरथरले. उपास सोडायचे का? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : हे दोन वेगवेगळे झटके आहेत. साखर आणि पिष्ट जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतं, तिथे पाणी ओढून घेतं आणि पंधरा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, जुलाब होतात. हे लवकरचं डम्पिंग. मग साखर झपकन वर गेल्याने इन्सुलिन जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांत साखर खाली येते, म्हणून थरथर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट आणि श्रीखंडात निम्म्याच्या आसपास साखर, म्हणजे झटक्याची पुरेपूर तयारी. थरथर सुरू झाल्यावर ग्लुकोमीटरवर आकडा बघा. तो ७०च्या खाली असेल तर थोडी साखर घ्या आणि मागोमाग प्रथिनं. हे वारंवार होत असेल तर नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा.

उपास सोडायला कोण सांगतंय? पनीर, बिनसाखरेचा चक्का, दूध, दाण्याची आमटी वाटीभर, राजगिऱ्याची छोटी भाकरी, हे दर दोन-तीन तासांनी घ्या. निर्जळी मात्र करू नका, आणि साखर कमी करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच उपास नको.

प्रश्न : वय २९, स्लीव्हला चार महिने झाले. केस मूठमूठ गळतात. पाळी मात्र पीसीओएस असूनही नियमित झाली. घरचे म्हणतात, आता लगेच मूल होऊ द्या. – वाचक, नागपूर

उत्तर : तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली केसगळती ऑपरेशनचा ताण आणि झपाट्याने उतरलेलं वजन यांमुळे होते. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. महागड्या बायोटिनपेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झिंक आणि रोजची प्रथिनं तपासा. सहा महिन्यांनंतरही गळत राहिले तर कमतरता शोधायची.

मुलासाठी १२ ते १८ महिने थांबा. वजन उतरत असताना बाळाच्या वाट्याला पोषण अपुरं येतं. पाळी नियमित झाली म्हणजे दिवस राहण्याची शक्यता वाढली, तेव्हा कॉपर टीसारखं साधन आताच ठरवा. गोळ्यांवर, विशेषतः बायपासनंतर, विसंबू नये. पुढे गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी करायला सांगतील, तेव्हा ऑपरेशनची आठवण द्या. डम्पिंग होत असेल तर त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने साखर मोजता येते.

प्रश्न : गोळ्या किती दिवस घ्यायच्या? – वाचक, जळगाव

उत्तर : मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जन्मभर. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० हून जास्त नको, शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. पित्ताच्या खड्यांसाठी दिलेलं उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड मात्र साधारण सहा महिन्यांपुरतंच असतं. रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडणारे दोन-तीन वर्षांनी बी-१२ आणि हिमोग्लोबिन घसरलेलं घेऊन येतात.

प्रश्न : बायपास झालाय, गुडघा दुखतो. मेडिकलवाल्याने कॉम्बिफ्लाम दिली. चालेल? – वाचक, सातारा

उत्तर : नाही. तिच्यात आयबुप्रोफेन आहे. ते, डायक्लोफिनॅक आणि त्या जातीच्या सगळ्या गोळ्या जोडावर अल्सर करतात. तंबाखू आणि सिगारेट त्यात भर घालतात. नुसतं पॅरासिटामोल घ्या, वरून मलम लावा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, सर्जनना विचारून सोबत आम्ल कमी करणारी गोळी घ्या.