वाचकांचे प्रश्न : हुकूमशाही दारातून आली, खिडकीतून नाही

मागच्या अंकात आम्ही १९३३ सालच्या जर्मनीवर लेख छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : हिटलर बहुमताने निवडून आला असं सगळीकडे वाचतो. मग त्याला हुकूमशहा का म्हणायचं? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

बहुमताने तो कधीच निवडून आला नाही. आकडे बघा. १९२८ मध्ये नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्के झाली आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या थोडं वर गेली. पुढच्या चारच महिन्यांत, नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत, ती ३३.१ टक्क्यांवर घसरली आणि जागा २३० वरून १९६ वर आल्या. पक्षाची तिजोरी रिकामी झाली होती आणि कार्यकर्ते कुरकुरत होते. म्हणजे ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने त्याला चॅन्सलर, म्हणजे पंतप्रधान, केलं, तेव्हा लाट ओसरायला लागली होती.

मग नेमलं कशाला? माजी चॅन्सलर फॉन पापेन आणि त्याच्या गोटातल्या उजव्या मंडळींना संसदेला बाजूला सारणारं सरकार हवं होतं, पण त्यांच्यामागे माणसं नव्हती. माणसं हिटलरकडे होती. पहिल्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच होते, उपपंतप्रधानपदी पापेन स्वतः. आपण याला वापरून घेऊ, असा त्यांचा हिशेब होता. पण त्या तिघांतल्या फ्रिककडे देशाचं गृहखातं होतं आणि गोरिंगकडे प्रशियाचं. प्रशिया म्हणजे जर्मनीचा निम्म्याहून मोठा भाग, आणि तिथले पोलीस गोरिंगच्या हाताखाली आले. बाकीच्या खात्यांवर भांडत बसलेल्यांना हे उशिरा उमगलं.

प्रश्न : पाव विकत घ्यायला हातगाडीभर नोटा लागत, त्या महागाईमुळे हिटलर आला ना? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

ते चित्र खरं आहे, पण साल चुकतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये बंड केलं, ते फसलं आणि तो तुरुंगात गेला. नंतर नवं चलन आलं, भाव स्थिरावले, आणि पाच वर्षांनी त्याच्या पक्षाला मिळाली २.६ टक्के मतं.

त्याला वर आणलं ते उलट्या दुखण्याने. १९२९ नंतर मंदी आली. १९३० पासून चॅन्सलर ब्र्युनिंगने राष्ट्राध्यक्षांचे वटहुकूम काढून पगार, पेन्शन आणि सरकारी खर्च कापला. १९३२ च्या सुरुवातीला बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात होती. वटहुकूम निघत ते राज्यघटनेच्या ४८व्या कलमाखाली. संसदेला वगळून राज्य चालवायची सवय हिटलरच्या आधी तीन वर्षं लागली होती, हा मुद्दा पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत उरकतात.

प्रश्न : घटना बदलायला दोन-तृतीयांश मतं लागतात. ती हिटलरने जमवली कशी? (वकील, नागपूर)

हा या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री संसद भवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि घटनेतली सात कलमं स्थगित झाली : व्यक्तिस्वातंत्र्य, छापण्या-बोलण्याची मोकळीक, सभा, संघटना, टपालाची गुप्तता, घराची सुरक्षितता, मालमत्ता. हा वटहुकूम १९४५ पर्यंत उठला नाही. त्याच्या जोरावर कम्युनिस्टांची धरपकड झाली. ५ मार्चला निवडणूक झाली. एवढा धाकदपटशा करूनही नाझींना ४३.९ टक्केच मतं आणि ६४७ पैकी २८८ जागा मिळाल्या.

हिटलरला आता संसदेला वगळून सरकारनेच कायदे करायची मुभा देणारा कायदा ('एनेबलिंग ॲक्ट') मंजूर करून घ्यायचा होता. त्याचं गणित मांडू. सभागृहाची गणपूर्ती ४३२. कम्युनिस्ट ८१ आणि सोशल डेमोक्रॅट १२०. या दोघांबरोबर कॅथलिकांचा झेंट्रुम पक्षही सभागृहाबाहेर राहिला असता, तर आत ३७२ च्या आसपास माणसं उरली असती आणि मतदानच घेता आलं नसतं. ही फट गोरिंगने कामकाजाचा नियम बदलून बुजवली. विनापरवानगी गैरहजर राहणारा सदस्य हजर धरला जाईल, असं ठरवलं. सभापतीही तोच होता! म्हणजे विरोधकांच्या हातचं सभात्यागाचं एकमेव हत्यार मतदानाआधीच बोथट झालं.

२३ मार्चला बैठक भरली ती क्रोल ऑपेराच्या नाट्यगृहात, कारण संसद जळालेली. वाटेत आणि सभागृहाच्या भिंतींलगत गणवेशातले नाझी स्वयंसेवक उभे. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात, भूमिगत नाहीतर परागंदा. सोशल डेमोक्रॅटांचेही २६ जण येऊ शकले नाहीत. त्यांच्या वतीने ओटो वेल्स एकटा विरोधात बोलला. बाजूने ४४४ मतं पडली, विरोधात ९४. विरोधातली सगळीच्या सगळी सोशल डेमोक्रॅटांची.

गंमत अशी, की सगळे ६४७ जण हजर असते तर दोन-तृतीयांश म्हणजे ४३२ मतं लागली असती, आणि झेंट्रुमची सत्तरेक मतं वजा केली तर ती भरत नव्हती. झेंट्रुमचा नेता कास याने चर्चच्या शाळा आणि हक्क यांबद्दलच्या तोंडी आश्वासनावर होकार दिला. लेखी पत्र येणार होतं, ते आलं नाही. पाच कलमांचा तो कायदा. सरकारने केलेला कायदा घटनेला सोडून असला तरी चालेल, हे त्यातलं मुख्य कलम. मुदत १ एप्रिल १९३७ पर्यंतच होती, पुढे ती वाढवत नेली. १४ जुलै १९३३ ला नाझींखेरीज दुसरा पक्ष काढणं गुन्हा ठरलं, आणि तोवर झेंट्रुमने स्वतःच स्वतःचं विसर्जन केलं होतं.

प्रश्न : मुसोलिनीने तरी रोम लढून घेतलं ना? (मुंबई)

नाही. २८ ऑक्टोबर १९२२ ला त्याचे काळे सदरेवाले पावसात भिजत, धड शस्त्रं नसताना रोमच्या वेशीवर जमले होते. पंतप्रधान फाक्ताने लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला, पण राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल सही करेना. मुसोलिनी या वेळी मिलानमध्ये होता. राजाचं बोलावणं आल्यावर तो रात्रीच्या रेल्वेने रोमला पोचला. पुढच्या वर्षी असा कायदा करून घेतला की, सगळ्यात जास्त मतं मिळवणाऱ्याला, ती निदान २५ टक्के असली की, दोन-तृतीयांश जागा. जून १९२४ मध्ये विरोधी खासदार मातेओत्ती याचा खून झाला. विरोधक निषेध म्हणून संसदेबाहेर पडले, आणि राजा काहीतरी करेल याची वाट बघत बसले.

प्रश्न : कंगाल जर्मनीकडे शस्त्रांना पैसा आला कुठून? (नागरी सहकारी बँकेतील कर्मचारी, सांगली)

तुम्ही बँकेतले, तेव्हा तुम्हाला चटकन कळेल. ही हुंडीची, म्हणजे ठरल्या मुदतीनंतर पैसे देण्याच्या लेखी वायद्याची, करामत होती.

राइश बँकेचा, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा, प्रमुख याल्मार शाख्त. क्रुप, सीमेन्स, राइनमेटाल आणि गुटेहोफ्नुंग्सह्युटे या चार बड्या कंपन्यांच्या नावावर त्याने 'मेफो' ही कंपनी काढली. भांडवल अवघं १० लाख मार्क. कारखाना नाही, माल नाही. समजा एखाद्या कारखान्याने सैन्याला तोफा दिल्या. त्याने बिल सरकारवर न काढता मेफोवर हुंडी काढायची. मेफो ती स्वीकारणार, हमी सरकारची. कारखानदाराने ती आपल्या बँकेत वटवायची, आणि बँकेला रोकड हवी असेल तर ती राइश बँकेकडे फेरवटवायची. मुदत कागदोपत्री थोड्या महिन्यांची, पण पुन्हापुन्हा वाढवत पाच वर्षांपर्यंत नेता येई. व्याज ४ टक्के. व्याज मिळतंय म्हटल्यावर बँका हुंड्या तिजोरीतच ठेवत, त्यामुळे त्या सगळ्यांच्या नोटा लगेच बाजारात येत नसत. आणि हा खर्च अंदाजपत्रकात कुठेच दिसत नसे. व्हर्साय तहाने शस्त्रांवर बंधनं घातलेल्या देशाला हेच हवं होतं.

१९३८ पर्यंत अशा १२०० कोटी मार्कांच्या हुंड्या निघाल्या.

बिनसलं कुठे, तर दोन ठिकाणी. कारखाने आणि माणसं रिकामी होती, तोवर उसना पैसा पचला. १९३६-३७ नंतर रिकामे हात उरले नाहीत; मग जास्त पैसा म्हणजे नुसती ओढाताण. दुसरं दुखणं परकीय चलनाचं. मार्क छापता येतात, पण स्वीडनचं लोहखनिज, रबर आणि तेल मार्कांवर मिळत नाही. शाख्तने हात आखडता घ्या म्हटलं. हिटलरने १९३६ मध्ये चार वर्षांची योजना गोरिंगकडे सोपवली. सैन्य आणि अर्थव्यवस्था चार वर्षांत युद्धाला तयार हवी, हे त्याच्या टिपणात स्पष्ट आहे. जानेवारी १९३९ मध्ये राइश बँकेच्या संचालकांनी लेखी इशारा दिला, की असंच चाललं तर चलन कोसळेल. उत्तर म्हणून शाख्तला घरी पाठवलं.

हुंड्या फेडायच्या म्हणून युद्ध झालं, असं म्हणणं आम्हाला पटत नाही. हिटलरला युद्ध हवंच होतं. पण ब्रेक मारणारं कुणी उरलं नव्हतं आणि शेजाऱ्याची तिजोरी हा सोपा मार्ग होता. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घेतला, तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेचं सोनंही बर्लिनला गेलं. मार्च १९३९ मध्ये प्राग घेतलं, त्याबरोबर पिल्झेनचा स्कोडा शस्त्रकारखाना आला. १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या रोमेलच्या डिव्हिजनमध्ये कितीतरी रणगाडे चेक बनावटीचे होते. सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारात ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाला न विचारता हिटलरला जे दिलं, त्यात त्याचे डोंगराळ सीमेवरचे कोटही गेले होते, हे इथे जोडून बघा.

प्रश्न : राष्ट्रसंघाने निर्बंध घातले होते, मग इटली थांबला का नाही? (कोल्हापूर)

तेल, कोळसा, पोलाद सोडून बाकीचे घातले, म्हणून. ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला. १८ नोव्हेंबरला निर्बंध लागू झाले : शस्त्रं नाहीत, कर्ज नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही. तेल, कोळसा आणि पोलाद मात्र यादीत नव्हतं. सुएझ कालवाही उघडा. इटलीची सैन्याने भरलेली जहाजं टोल भरून तिथून जात राहिली. मुसोलिनी चिडून हिटलरच्या गोटात जाईल, ही ब्रिटन-फ्रान्सला धास्ती. शेवटी देशही गेला आणि मुसोलिनीही तिकडेच गेला. हे चालू असतानाच, ७ मार्च १९३६ ला, हिटलरने तहाने सैन्य ठेवायला बंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातलं. नदी ओलांडून पार पुढे गेल्या त्या तीन बटालियन. कुणी हलवल्या नाहीत.

या फसलेल्या निर्बंधांची किंमत आपल्याकडच्या माणसांनीही मोजली. इटलीने जिथून चढाई केली त्या एरिट्रियात, केरेनच्या डोंगरात, १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढत होते. ५ मे १९४१ ला सम्राट हैले सेलासी आदिस अबाबाला परतला, राजधानी पडल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

प्रश्न : जपानचा हुकूमशहा कोण? परीक्षेत तोजो लिहिलं तर चालेल का? (औरंगाबाद)

गुण मिळतील कदाचित, पण तोजो पंतप्रधान झाला ऑक्टोबर १९४१ मध्ये आणि मांचुरिया घेतला होता सप्टेंबर १९३१ मध्ये. जपानमध्ये एका माणसापेक्षा एक नियम महत्त्वाचा होता. १९३६ पासून लष्करमंत्री आणि नौदलमंत्री सेवेतला अधिकारीच हवा, असं ठरलं. लष्कराने माणूस दिला नाही की मंत्रिमंडळ बनत नसे, काढून घेतला की पडत असे. १९३७ मध्ये उगाकीला सरकार बनवता आलं नाही, १९४० मध्ये योनाईचं पडलं, दोन्ही याच पद्धतीने.

प्रश्न : पोर्तुगालचा सालाझारही हुकूमशहाच. मग आमच्या गोव्यात महायुद्ध कसं आलं नाही? (मडगाव)

सालाझारला वाढवायचं काही नव्हतं, राखायचं होतं. वसाहतींकडे जाणारा समुद्र ब्रिटिश आरमाराच्या हातात, आणि इंग्लंडशी मैत्रीचा तह चौदाव्या शतकापासूनचा. म्हणून तटस्थ राहून तो दोन्ही बाजूंना वुल्फ्रॅम विकत राहिला. हे खनिज चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांना लागतं. १९४३ मध्ये ॲझोर्स बेटांवर त्याने ब्रिटिशांना तळही दिला.

युद्ध अगदीच आलं नाही असं मात्र नाही. मुरगाव बंदरात जर्मनीची तीन आणि इटलीचं एक व्यापारी जहाज अडकून होती. त्यांतल्या 'एरेनफेल्स'वर चोरटा बिनतारी संच असल्याचा ब्रिटिशांना संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी घोडदळातल्या प्रौढ मंडळींनी त्यावर छापा घातला, आणि चारही जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली. बाकी हुकूमशाही तुम्ही घरातच भोगलीत : काहीही छापायचं तर आधी सेन्सॉर, मग ती लग्नपत्रिका का असेना. बर्लिन पडल्यावरही ती गोव्यात आणखी साडेसोळा वर्षं टिकली.