ब्लोअर फक्त 4 नंबरवर चालतो, मग मोटर बदलायची का?

तुम्ही लिहिलंय की हीटरचा ब्लोअर 1, 2, 3 वर अजिबात हलत नाही, 4 वर मात्र जोरात वारा येतो, आणि गॅरेजवाले मोटर बदला म्हणताहेत. इतक्यात बदलू नका. 4 वर मोटर जोरात फिरते, म्हणजे मोटर, फ्यूज, रिले सगळं जिवंत आहे. बहुतेक ब्लोअरचा रेझिस्टर गेलाय, आणि तो मोटरपेक्षा बराच स्वस्त असतो.

गोल नॉबच्या साध्या गाड्यांत 4 वर करंट थेट मोटरला जातो. खालच्या वेगांना तो रेझिस्टरच्या तारांमधून जातो. 1 वर सगळ्या तारांतून, म्हणून वारा सगळ्यात कमी. या तारांसोबत एक छोटा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा) असतो. तो उडाला की तिन्ही वेग एकदम जातात, तुमच्यासारखेच. एकच वेग गेला असता तर तेवढी एक तार किंवा नॉबमागचा स्विच तपासायला सांगितलं असतं. (ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत हा रेझिस्टर नसतो, तिथे ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं.)

बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअरच्या डब्यात खोचून दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. स्वतःच्या तारा गार राहाव्यात म्हणून त्याला मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत ठेवतात. चावी बंद करा, थोडा वेळ थांबा (तो चांगलाच तापतो), कपलर (रेझिस्टरला लावलेला वायरचा प्लग) काढा आणि रेझिस्टर बाहेर घ्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिना एकमेकींशी तपासा. चांगल्या रेझिस्टरमध्ये आकडा लहान येतो, अगदी काही ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार किंवा थर्मल फ्यूज तुटलाय.

आता कपलर नीट बघा. माझ्या गाडीत वर्षभरात दोनदा रेझिस्टर बदलला, आणि दोन्ही वेळा कपलरकडे कुणी पाहिलंच नाही. नाशिकहून पहाटे कसारा घाट उतरताना पावसात पुढची काच आतून धुरकटली आणि ब्लोअर 2 वर बंद पडला. तोच मोठ्या आवाजात 4 वर लावून, पुढचं दिसेपर्यंत गाडी कडेला उभी करून थांबावं लागलं. त्या दिवशी घरी येऊन स्वतः ग्लोव्ह बॉक्स उतरवला. कपलरची एक पिन तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. मोटर काढली तर पंख्याच्या पात्यांत वाळकी पानं आणि उंदराने कुरतडलेला फोम अडकलेला. हाताने फिरवली तर घासत होती. मोटर जड फिरली की जास्त करंट ओढते, तारा तापतात आणि नवा रेझिस्टरसुद्धा काही महिन्यांत जातो. केबिन फिल्टर धुळीने भरला असेल तर उलट वाराच कमी पडतो आणि रेझिस्टर गार होत नाही. तोही काढून बघा.

म्हणून रेझिस्टर बदलताना मोटर हाताने फिरवाच. सहज, आवाज न करता फिरली तर तिला हात लावू नका. कपलर काळा पडला असेल तर तोही बदला, नव्या रेझिस्टरवर जळका कपलर चढवू नका. करंट मोजायचा असेल तर डीसी क्लॅम्पमीटर (वायरभोवती चिमटा लावून मोजणारा मीटर) वापरा. साध्या मल्टिमीटरची सोय बहुधा 10 अँपिअरपर्यंतच असते आणि ब्लोअर पूर्ण वेगात त्याच्या वर जाऊ शकतो.

कुणी "थर्मल फ्यूज डायरेक्ट करून देतो" (म्हणजे फ्यूज वगळून तार सरळ जोडतो) म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालायचा सल्लाही असाच धोक्याचा. हे फ्यूज डॅशबोर्डमधली आग टाळण्यासाठी असतात, आणि तिथे तुमच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर प्लास्टिक आणि वायरिंग भरलेलं असतं.

वारा पुरेसा आहे पण गरम येत नाही, अशी तक्रार असेल तर ब्लोअर सोडा, कूलंटची पातळी बघा.

नवा रेझिस्टर बसवल्यावर अर्धा तास 2 वर चालवा, चावी बंद करा आणि कपलरला बोट लावून बघा. कोमट असेल तर काम झालं. चटका बसत असेल तर कपलर आणि मोटर पुन्हा तपासा; साफ करूनही मोटर जड फिरत असेल तर मात्र गॅरेजवाल्यांचं ऐका, ती बदलावी लागेल.