नऊ महिन्यांच्या बाळाची लांबी महिन्याभरात कमी कशी होईल?

नागपूरच्या मानेवाडा भागातील एक आई नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली. घरी टेपने घेतलेल्या मापांची तिने मोबाइलमध्ये नोंद ठेवली होती : आठव्या महिन्यात ६७.५ सेंटिमीटर, नवव्यात ६६. “मॅडम, पोरगी वाढूनच नाही राहिली, उलट कमी होऊन राहिली,” असे ती म्हणाली. शेजारचा त्याच वयाचा मुलगा ७२ सेंटिमीटर भरतो, हे आजी रोज ऐकवत असल्यामुळे ‘उंची वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी पावडरही घरात आली होती.

बाळाची लांबी घटत नाही, घटतो तो आकडा. मऊ गादीवर टेप वाकतो, बाळ पाय आखडते आणि एकट्या माणसाला डोके आणि टाच एकाच वेळी धरता येत नाही. दोन वर्षांखालील बाळ उताणे झोपवून इन्फंटोमीटरवर, म्हणजे एका टोकाला स्थिर आणि दुसऱ्या टोकाला सरकती फळी असलेल्या मोजपट्टीवर, मोजतात आणि त्याला दोन माणसे लागतात. टाळूवर बांधलेली छोटीशी शेंडी आम्ही आधी सोडली, आईने डोके स्थिर फळीला टेकवून धरले, मी गुडघे हलकेच दाबून पाय सरळ केले आणि तळवे पूर्ण टेकेपर्यंत सरकती फळी जवळ आणली. मुलीने रडून पाय झाडले, म्हणून ती शांत झाल्यावर पुन्हा मोजले. लांबी ६८.२ सेंटिमीटर भरली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढमानकांत मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे आहेत. त्यांनुसार नऊ महिन्यांच्या मुलीची मध्यम लांबी ७०.१ आणि मुलाची ७२ सेंटिमीटर असते, तर मुलीच्या बाबतीत ६५.३ च्या खाली गेल्यास तिला खुजी मानतात. म्हणजे शेजारच्या मुलाशी तुलनाच चुकीच्या तक्त्यावर चालली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जन्माच्या वेळी ४८, सहाव्या महिन्यात ६४ आणि आता ६८.२ हे तिन्ही बिंदू जोडले असता रेषा मध्यम रेषेच्या थोडी खाली, पण तिला जवळजवळ समांतर जात होती. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दहा-अकरा सेंटिमीटर वाढते आणि नंतर वेग मंदावतो, हे आईला कोणी सांगितलेच नव्हते.

मला चिंता वाटली ती वाटीतल्या पदार्थाची. सहा महिने पूर्ण झाल्यापासून मुलीला स्तनपानाबरोबर वरणाचे पाणी आणि भाताची पेज एवढेच मिळत होते. पोट भरते, पण त्यातून ऊर्जा, प्रथिने आणि लोह फारसे मिळत नाही. पावडर बंद करून घट्ट कुस्करलेला वरण-भात, त्यावर चमचाभर तूप, कुस्करलेले उकडलेले अंडे आणि शिजवलेली पालेभाजी असा आहार सुचवला. आजीला अंडे चालणार नव्हते. मग मूगडाळीची घट्ट खिचडी आणि दही यांवर तडजोड झाली.

रेषा सलग खाली उतरू लागली, वजन दोन-तीन महिने एकाच जागी राहिले किंवा बाळ वयाप्रमाणे बसणे, रांगणे यांत मागे पडत असेल, तर आहाराच्या सल्ल्यावर न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, असे आईला सांगितले. दर महिन्याचे वजन अंगणवाडीत होईलच. लांबी बाराव्या महिन्यात, याच फळीवर मोजायची ठरली.