स्टीलच्या ब्रेक लाइन घेण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. करूळ घाट उतरताना पेडल मऊ लागलं, आणि दुकानात कुणीतरी स्टीलची जाळी विणलेल्या ब्रेक लाइन सुचवल्या, असं लिहिलंस. घेऊ का म्हणतेस. आत्ता नको घेऊस.

ब्रेक ऑइलची मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलला जोडलेल्या पंपापासून, चाकापर्यंतची बरीचशी वाट लोखंडी नळीची असते. चाक वळतं, उडतं, म्हणून शेवटचा हातभर भाग रबरी असतो. जोरात दाबलं की हा रबर किंचित फुगतो आणि पेडल तेवढं जास्त खाली जातं. जाळीच्या पाइपात आत टेफ्लॉनची नळी असते, ती कमी फुगते. पेडल घट्ट लागतं, पायाला नेमका अंदाज येतो. ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारणाऱ्याला त्याचं मोल आहे, मी नाही म्हणत नाही. पण गाडी शेवटी थांबवतो टायर. तुझ्या आत्ताच्या पाइपांवरही पाय कचकन दाबलास की एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरते ना? म्हणजे टायरची पकड संपेपर्यंतचा जोर चाकाला मिळतोच आहे. पाइप बदलून थांबायचं अंतर घटणार नाही.

तुझं दुखणं उष्णतेचं दिसतंय. हिशेब कर: एक टनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली की जवळपास पन्नास लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दीड किलोवॉटचा हीटर पाऊण-एक तास चालेल एवढी. चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर त्यातली बहुतेक डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये शिरते. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. पाणी उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल पार खाली बसतं. स्टीलची जाळी तिथे काय करणार? आणि गगनबावड्याच्या पावसातली तुझी ये-जा. जुन्या मालकाने ऑइल कधी बदललं होतं हे तुला तरी ठाऊक आहे का?

दुसरं एक लक्षात ठेव. पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी मात्र थांबत नाही, असं झालं तर पॅड तापलेत. पेडल मऊ झालं तर ऑइल उकळलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. उतरताना दुसरा गिअर, गरज पडली तर पहिला. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवायला जाऊ नकोस, एवढं तरी माझं ऐक.

आता खरी भीती ज्याची वाटते ते. तू कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांतून पाइप बनवून घ्यायचं म्हणतेस, निम्म्या पैशांत. आपल्याकडे जेसीबीचे, ट्रॅक्टरचे होज डोळ्यांदेखत प्रेस करून देतात आणि कामही चोख असतं. पण ते होज खनिज तेलासाठीचे. त्यांचं आतलं नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतं, मऊ पडतं. ब्रेकच्या रबराची जात वेगळी, ईपीडीएम. वर ब्रेकच्या होजला परीक्षा असते: अमेरिकी मानकात तो यंत्रावर दाबाखाली सलग ३५ तास हलवतात, फुटता कामा नये. प्रेस केलेला तुकडा दिसायला तसाच असतो, पण त्याची ही परीक्षा कुणी घेतलेली नसते. उद्यमनगराबद्दल माझ्याइतका अभिमान क्वचित कुणाला असेल, तरी हे काम तिथे नको.

जाळीच्या पाइपाचं आणखी एक: आतली नळी चिरली तरी बाहेरून दिसत नाही, आणि बसवणाऱ्याने क्लिप नीट मारली नाही तर जाळी शेजारच्या पत्र्याला कानशीसारखी घासते. रबर निदान भेगा दाखवतं. तेही आतून सुजतं म्हणा. मग पाय काढल्यावरही दाब अडकतो, चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते. घाटातून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं वाटलं तर मला कळव. हात लावून बघू नकोस, भाजेल.

म्हणून पैसे असे घाल. आधी चारही चाकांचं ब्लीडिंग करून, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून, नवं ऑइल. मग पॅड आणि मागच्या ड्रमची सेटिंग. टायरची नक्षी उरली नसेल तर तेही. रबरी पाइपांना भेगा असतील तर कंपनीचेच नवे, काही शे रुपयांत काम होतं. सगळे बदलायची वेळ आली आणि हातात पैसे उरले, तरच तुझ्या मॉडेलसाठी बनलेला, चाचणीचा दाखला असलेला जाळीचा सेट बघू. हौस म्हणून घेतलास तरी माझी ना नाही.

गाडी घेऊन ये, चाकं काढून पाइप वाकवून बघू. येताना ऑइलचा सीलबंद डबा आण, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तोच डॉट. गॅरेजात कुणाचा उघडा राहिलेला अर्धा डबा फुकट मिळाला तरी आणू नकोस. आणि पाइप उघडावे लागले तर तांब्याचे वॉशर नवे लागतील, तेही घेऊन ठेव.

तुझा,
काका