नॅनोत यायचंय? आधी फेर यांच्याकडे बघ

पीएचडीला 'नॅनो'च हवं म्हणून अडून बसू नकोस. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आल्बेर फेर यांचंच बघ. १९७० च्या प्रबंधात त्यांनी लोखंड आणि निकेलमध्ये इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे (त्याच्या अंगच्या चुंबकीय गुणामुळे) वीजवहन कसं बदलतं, एवढंच तपासलं. नॅनोमीटरभर जाडीचे थर नीट बनवायची सोय तेव्हा होतीच कुठे! ती ऐंशीच्या दशकात आली, आणि पॅरिसजवळच्या ओर्सेच्या त्यांच्या गटाने असे थर बनवायला थॉमसन-सीएसएफ कंपनीशी हात मिळवला. १९८८ मध्ये अतिशीत तापमानात लोह-क्रोमियमच्या थरांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ निम्मा झाला. (पुढे याच परिणामावर हार्डडिस्कवाल्यांची चांदी झाली.) त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल २००७ चं, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ग्रुनबर्ग यांच्यासोबत. तेव्हा गाईड निवडताना नमुने कोण बनवून देतं, हे आधी विचार. मोजमाप काय, शिकता येतं.